उसनी मशीन रिकामी देऊ नये

हे मी कुठे वाचलेलं नाही, की कुणी चहा पिताना सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या नणंदेच्या घरात घडलंय. आणि त्यातलं काही तर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. माझा नवरा रत्नाकर म्हणजे देवळातला अंगारासुद्धा वास घेऊन तपासणारा माणूस. तो असल्या बाबतीत थापा मारत नाही.

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. वर्षापूर्वी मीही हसलेच असते.

जागा बेंगळुरू, मल्लेश्वरम. वेळ दर वेळी एकच... संध्याकाळचे सात.

माझी नणंद मनस्विनी. तिचा नवरा प्रणीत. प्रणीतच्या घरची माणसं आमच्यासारखी पुण्याहून नोकरीसाठी आलेली नाहीत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलंच. बोलतात मराठी, पण त्यात निम्मं कानडी. खाली त्यांचं घर, वर त्यांचं छोटंसं ऑफिस. घरात प्रणीतची आई, अहल्याअक्का. ऑफिसात पाच-सहा मुलं.

ते दोघं एक सॉफ्टवेअर बनवत होते, दवाखान्यांसाठी. म्हाताऱ्या पेशंटना संध्याकाळी आपोआप फोन जातो. गोळी घेतली का, घेतली असेल तर एक दाबा. बस, एवढंच.

पण एकदम हजारो फोन लावायचे झाले तर हे टिकतं की कोलमडतं, हे बघायला दांडगी मशीन लागते. सर्व्हर म्हणतात तिला. ती यांच्याकडे कुठली असणार? तर सर्व्हर विकणारी एक कंपनी होती, शहराबाहेर होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याला तिचं गोदाम. ती लहान लोकांना टेस्टिंगसाठी सर्व्हर फुकट वापरायला द्यायची. काही महिने वापरा, आवडला तर विकत घ्या, नाहीतर पुसून परत करा. पुसून म्हणजे आतलं सगळं मिटवून. कोरं करकरीत. मग तीच मशीन पुढच्या कंपनीकडे जायची.

थोडक्यात काय, उसनी मशीन.

ती आणायला-न्यायला शेषगिरी नावाचा त्यांचा माणूस यायचा. अक्का त्याला कॉफी पाजल्याशिवाय सोडत नसत. आणि मशीन परत जाताना प्रणीत दर वेळी तिच्यावर म्हैसूरपाकाचा पुडा ठेवायचा. अक्कांची शिकवणच तशी. शेजारणीचं उसनं भांडं कधी रिकामं परत द्यायचं नाही. साखर घाला, चार शेंगदाणे घाला, पण रिकामं नको.

शेषगिरी हसायचा. "सर, तुम्ही एकटेच असं करता."

ही शेवटची मशीन आली ती दसऱ्याच्या तोंडावर. बेंगळुरात आयुधपूजेला सगळ्या यंत्रांची पूजा होते. रिक्षा, लेथ, कॉम्प्युटर, सगळ्यांची. अक्का ताम्हन घेऊन जिना चढून वर गेल्या आणि सर्व्हरलाही कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत.

"आई, अगं ही उसनी आहे!" प्रणीत ओरडला.

"मग काय झालं? घरी आलेल्या पाहुणीला कुंकू लावत नाही का आपण?"

मग त्यानेही ते कुंकू पुसलं नाही.

टेस्टिंगला फोन नंबर लागतात. सगळे आपल्या घरच्यांचेच नंबर घालतात, दुसऱ्या कुणाला त्रास देणार? प्रणीतने खालच्या जुन्या लँडलाइनचा घातला. कानडी आणि इंग्रजी आवाज बाहेरून करून घेतले होते. मराठी आवाज त्याने गंमत म्हणून स्वतःचाच भरला.

"आई, गोळी घेतलीस का? घेतली असशील तर एक दाब."

रोज सातला खाली फोन वाजायचा. अक्का गोळी गिळायच्या, रिसीव्हर उचलायच्या. पण एक कधी दाबायच्या नाहीत. त्या चक्क बोलायच्या.

"घेतली रे मगा. तू जेवलास का?"

मगा म्हणजे कानडीत बाळा. वर मशीन म्हणायची, उत्तर नाही. मग प्रणीत जिन्यातून ओरडायचा, "आई, एक दाब गं!" आणि अक्का खालून, "वरच आहेस ना? मग खाली येऊन विचार की!"

ऑफिसातली पोरं हसून लोळायची.

मनस्विनी एकदा लाडात म्हणाली, "रोज आईला फोन. मला कधी करणार?"

"तुला काय फोन करायचा? तू शेजारीच तर बसतेस."

हे वाक्य लक्षात ठेवा. ती अजून विसरलेली नाही.

दिवाळी झाली. टेस्टिंग संपलं नव्हतं. मशीन आणखी थोडे दिवस मिळते का ते विचारायला प्रणीत स्कूटरवरून बोम्मसंद्र्याला गेला. मुदत मिळाली. तसा त्याने फोनही केला.

परत येताना होसूर रोडवर ट्रकने उडवलं.

जागच्या जागी...

पुढचे दिवस मी लिहीत नाही. माझ्याने लिहवत नाही. मनस्विनी दगड झाली होती. आणि अक्का कुणाशी बोलेनात. खाईनात. गोळी हातात दिली की तशीच बाजूला ठेवायच्या.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. संध्याकाळी मनस्विनी आणि अक्का दोघीच घरात. देवाजवळ दिवा लावला.

आणि फोन वाजला.

मनस्विनीला एकदम घड्याळ दिसलं... सात.

 वर मशीन चालूच राहिली होती! कुणाला सुचलंच नव्हतं बंद करायचं. घर माणसांनी भरलेलं होतं तोवर सातचा फोन कुणाच्या कानावरच गेला नव्हता. ती धावली. पण अक्कांनी आधीच रिसीव्हर उचलला होता.

रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. त्याचा.

"आई, गोळी घेतलीस का?"

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. बाजूला पडलेली गोळी उचलली. तोंडात टाकली. पाणी प्यायल्या. मग रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"घेतली रे मगा. तू जेवलास का?"

मनस्विनी स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. पण मशीन बंद करायला ती वर गेली नाही. सांगा, तुम्ही गेला असता?

त्या फोनवर अक्का जगायला लागल्या. सातला गोळी, मग दोन घास भात. डॉक्टर म्हणाले, सुधारतायत. मनस्विनीला सगळं कळत होतं. मशीन आहे. भरलेला आवाज आहे. पण सासू जगत होती ना!

मग हळूहळू तिला एक गोष्ट खटकायला लागली.

भरलेला आवाज थांबत नाही. प्रश्न विचारतो, लगेच "एक दाब" म्हणतो आणि फोन कट. प्रोग्रॅमचा हा भाग तिनेच तर लिहिला होता. पण आता अक्का फोनवर कितीतरी वेळ बोलायच्या. आज भातावरची हुळी चांगली झाली नाही. तुळशीला मुंग्या लागल्यात. मनस्विनी रात्री झोपत नाही, तुझा शर्ट उशाशी घेते...

आणि पलीकडचा फोन कट व्हायचा नाही.

त्यांचं बोलून होईपर्यंत थांबायचा. मग त्या "सरी, बरं मग, ठेवते" म्हणाल्या की ठेवला जायचा.

एके दिवशी तिने न राहवून अक्कांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"प्रणीत?"

काही नाही. फक्त वरच्या मशीनच्या पंख्यासारखं घूं... घूं... आणि मग तेही नाही.

"असं करू नकोस गं," अक्का म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "त्याला माझाच नंबर ठाऊक आहे."

 मनस्विनी रिसीव्हर छातीशी धरून तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात मल्लेश्वरममध्ये दुपारपासून वीज गेली. संध्याकाळी वरच्या बॅटऱ्याही बसल्या. घराच्या छतातून सतत येणारी ती घरघर थांबली. मशीन बंद पडली. मनस्विनी स्वतः टॉर्च घेऊन वर जाऊन बघून आली. एक दिवा नव्हता तिच्यावर. हात लावला तर गार.

ती जिना उतरत होती...

आणि खाली अंधारात फोन वाजायला लागला.

ती कठडा धरून जिन्यातच थांबली. अक्का मात्र खाली शांतपणे बोलत होत्या. "घेतली रे मगा. इथे करंट गेलाय. तुझ्याकडे आहे का?"

संक्रांत झाली आणि शेषगिरीचा फोन आला. बिचारा कसनुसा बोलत होता. "मॅडम, आम्ही जमेल तेवढं थांबलो. पण पुढची कंपनी वाट बघतेय. पुसून ठेवाल का?"

द्यायलाच हवी होती. उसनी वस्तू ती. मनस्विनीने विचार केला, प्रणीतचा आवाज आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. मग तिथूनच रोज सातला फोन लावू. अक्कांना फरक कळणार नाही. आणि आपल्यालाही कधी ऐकता येईल.

ऑफिसातला ईशान शेजारी बसला. प्रणीतचा पहिल्यापासूनचा हा सहकारी. मनस्विनी शोधायला लागली. कानडी आवाज होता. इंग्रजी होता.

मराठी नव्हता.

"अगं, मराठी कुठून असणार?" ईशान म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली माणसं बघायला येणार होती ना? म्हणून बोम्मसंद्र्याला गेला त्याच सकाळी प्रणीतने घरच्यांचे नंबर आणि तो मराठी आवाज काढून टाकला. माझ्यासमोर. म्हणाला, आई आता ओरडणार."

"त्याच सकाळी?"

"हो. का गं?"

 अक्कांचा नंबर मशीनमध्ये कुठेच नव्हता. त्याचा आवाज जगात कुठेच नव्हता.

मग रोज सातला कोण बोलत होतं?

त्या दिवशी ती मशीन पुसायला बसली. मशीनवर अक्कांनी लावलेलं कुंकू सुकून गेलं होतं, पण होतं. मनस्विनी मला म्हणाली, "वहिनी, मला माहीत होतं आत काही नाही. तरी बटण दाबताना वाटलं, मीच त्याला दुसऱ्यांदा अग्नी देतेय."

शेषगिरी दुपारी आला. मशीन खोक्यात घातली. कॉफी कुणीच केली नव्हती. तो खोकं उचलणार, तेवढ्यात अक्का कठड्याला धरून जिना चढून वर आल्या. मुठीत कागदाची पुडी.

"काय आहे आई?"

"साखर." धाप लागली होती त्यांना. "रिकामी देऊ नये गं. तो असता तर दिली नसती."

शेषगिरीने मान खाली घातली आणि पुडी खोक्यात ठेवली.

त्या संध्याकाळी छतातून घरघर आली नाही. घर इतकं गप्प कधीच नव्हतं. सात वाजले. अक्का गोळी हातात घेऊन फोनजवळ बसल्या.

फोन वाजला नाही.

साडेसात. आठ.

"आई, घ्या ना गोळी."

"त्याने विचारलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मनस्विनीने काय नाही केलं! पाया पडली, रडली, शेवटी चिडून ओरडलीसुद्धा. दुधात कुटून गोळी दिली तर अक्कांनी दूध बाजूला सारलं. रत्नाकर डॉक्टर घेऊन आला. अक्का डॉक्टरांकडे बघून हसल्या आणि तोंड मिटून घेतलं. सातला मात्र रोज न चुकता त्या खुर्चीवर.

मग एक शुक्रवार आला. मनस्विनी वर ऑफिसात होती. खाली फोन वाजला की नाही, तिने ऐकलं नाही. पण जिन्यात आली आणि तिला अक्कांचा आवाज ऐकू आला. कितीतरी दिवसांनी हसत होत्या.

"घेतली रे मगा, घेतली. येते की. थांब स्वल्प."

ती धावत खाली गेली.

अक्का खुर्चीत होत्या. मान एका बाजूला. रिसीव्हर मांडीवर. पाण्याचा पेला रिकामा, आणि हातातली गोळी घेतलेली.

अंग अजून गरम होतं...

पण अक्का गेल्या होत्या.

मनस्विनीने रिसीव्हर कानाला लावला. लाइनचा टोनसुद्धा नव्हता. नंतर कळलं, कोपऱ्यावर पाइपासाठी रस्ता खणला होता. तार सकाळीच तुटली होती.

होळीच्या सुमाराला शेषगिरीचा पुन्हा फोन आला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मॅडम, तुमची ती मशीन. कुंकवाची. पुढच्या कंपनीने परत पाठवली. तुम्ही एकदा याल का? एकट्या नका येऊ."

रत्नाकर तिच्याबरोबर गेला. नको म्हणत होता, भूतबित काही नसतं म्हणत होता, पण गेला. होसूर रोडच्या त्या जागेवरून गाडी गेली तेव्हा मनस्विनीने डोळे मिटून घेतले.

गोदामात मशीन एका फळीवर ठेवली होती. वायर नाही, काही नाही. कुंकू तसंच. शेषगिरीने घड्याळ बघितलं.

"रोज असंच होतं. आम्हाला भाषा कळत नाही. पण सरांचा आवाज मी ओळखतो."

सात वाजले.

बंद मशीनमधून... घूं...

"आई, गोळी घेतलीस का?"

 रत्नाकरने फळीखाली वाकून बघितलं, मागे हात घालून बघितलं. काही नव्हतं.

आणि मग आतूनच दुसरा आवाज आला. म्हातारा. दमलेला. अक्कांचा आवाज कुणी कधीच भरलेला नव्हता.

"घेतली रे मगा. तू जेवलास का?"

"जेवलो गं."

हे "जेवलो गं" त्याने कधीच, कुठेच भरलेलं नव्हतं. मनस्विनी दोन्ही हात मशीनवर ठेवून वाकली. कपाळ टेकलं.

"प्रणीत, मी पण आलेय रे. मी मनस्विनी. माझ्याशी बोल. एकदाच बोल."

घूं... घूं...

"मला पण विचार ना काहीतरी!"

घरघर हळू झाली. थांबली. गोदामात तिच्या हुंदक्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. रत्नाकरने बहिणीला धरलं. तो तेव्हा स्वतःही रडत होता, हे त्यानेच मला सांगितलं.

शेषगिरीने डोळे पुसले. "मॅडम, सोमवारी ही दुसरीकडे जातेय. माझ्या हातात नाही. परत पुसून पाठवू का?"

मनस्विनीने मशीनवरच्या कुंकवावरून बोट फिरवलं.

"नको," ती म्हणाली. "राहू देत दोघं. रिकामी देऊ नका."

मशीन कुठे गेली ते शेषगिरीने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

आता ती त्या घरात एकटीच राहते. ऑफिस दुसरीकडे हलवलं, वरचा मजला रिकामा आहे. आमच्याकडे ये म्हणून किती विनवलं, ऐकत नाही. धसक्याने तिला या वयात ब्लड प्रेशर लागलंय. एक गोळी असते, संध्याकाळची.

मी अधूनमधून जाते. तो तार तुटलेला लँडलाइन तिने काढू दिलेला नाही. रोज पुसते. सात वाजायला आले की गोळी हातात घेऊन त्या खुर्चीवर बसते.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सहज म्हणून गेले, "घेतलीस का गं गोळी?"

तिने माझ्याकडे बघितलं. इतकं केविलवाणं कुणी माझ्याकडे कधी बघितलेलं नाही.

"वहिनी, तू नको ना विचारूस," ती म्हणाली. "आता मी काही त्याच्या शेजारी बसत नाही. आता तरी तो मला फोन करेल."

 अक्कांना फोन आला आणि अक्का गेल्या, हे तिला कळत नाही का? कळतं. म्हणूनच ती बसते. मी तिच्याजवळ बसून मनात देवाला म्हणत असते, वाजू देऊ नको. आणि ती माझ्या शेजारी बसून त्याच देवाकडे उलटं मागत असते. साडेसात झाले की ती गुपचूप गोळी गिळते, आणि मी कुकर लावायला उठते.

परवा मात्र सात वाजायला थोडा वेळ होता...

वरच्या रिकाम्या मजल्यावरून आवाज आला. घूं...

मी ऐकलं नाही असं दाखवलं. मनस्विनीने केस सारखे केले, ओढणी नीट घेतली आणि एक हात रिसीव्हरवर ठेवला.

तिचा दुसरा हात मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.